नवी इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि लगेच पिकअप बदलायचा विचार आहे? आधी हे वाचा

खोका उघडतो, प्लास्टिकची पिशवी निघते आणि चकचकीत रंगाची इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा हातात येते. पहिला फोटो स्टेटसला जातो. पहिले दोन दिवस घरात कुणाला उसंत नसते. तिसऱ्या दिवसापासून मात्र कुरबुर सुरू होते. जाड तार खरखरते. बाराव्या फ्रेटपाशी तार दाबताना बोटं दुखून येतात. सूर लावून दहा मिनिटं होत नाहीत तोवर गिटार बेसूर होते. अँपला जोडली की मागे सतत ‘घूं’ असा आवाज येत राहतो.

मग मोबाइलवर शोधाशोध होते आणि उत्तरं धडाधड मिळतात. पिकअप बदला, ट्यूनर बदला, ब्रिज बदला. ज्याने पै पै साठवून गिटार घेतली, त्याच्या डोक्यात दोनच गोष्टी येतात. एक तर आपण फसलो, किंवा आता आणखी पैसे घालावे लागणार.

खरी गोष्ट वेगळी आहे. पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक तक्रारींचा सुट्या भागांशी फारसा संबंध नसतो. त्या जुळवणीच्या तक्रारी असतात. या जुळवणीला गिटारवाले ‘सेटअप’ म्हणतात. सेटअप न करता केलेला अपग्रेड म्हणजे चपलेत खडा असताना नवी चप्पल शोधत फिरणं.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. फेंडर कंपनीचे सीईओ असताना अँडी मूनी यांनी सांगितलं होतं, की पहिल्यांदा गिटार घेणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के लोक वर्षभराच्या आत ती सोडून देतात. यामागे कारणं अनेक असतात. पण ज्याची गिटार हाताला जड लागते आणि कानाला बेसूर वाटते, त्याला दोष गिटारच्या जुळवणीत आहे की आपल्या बोटांत, हे कळायला मार्गच नसतो. बरेचदा तो दोष स्वतःकडे घेतो आणि गिटार कपाटावर जाते.

आधी गिटार समजून घेऊ

नवशिक्यांच्या हाती येणारी सर्वांत ओळखीची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे ‘स्ट्रॅट’ घडणीची, दोन शिंगं आणि तीन पिकअप असलेली. तिचं मूळ फेंडर स्ट्रॅटोकास्टर. ती १९५४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात बाजारात आली. ज्यांच्या नावाने ही कंपनी चालते ते लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

पण दुरुस्ती करणाऱ्याची नजर त्यांच्या गिटारमध्ये पुरेपूर उतरली. नेक डिंकाने चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी बसवलेली. पिकअप, स्विच, बटणं सगळी एका प्लास्टिकच्या पट्टीवर. बिघडलं की उघडा आणि बदला. आज गिटार ‘अपग्रेड’ करण्याची जी हौस जगभर दिसते, तिचं मूळ या स्क्रूंमध्ये आहे. १९८० च्या दशकात फेंडरने याच घडणीच्या स्वस्त गिटारसाठी ‘स्क्वायर’ हे नाव बाजारात आणलं. या गिटार आज प्रामुख्याने इंडोनेशिया आणि चीनमध्ये बनतात. इतर अनेक कंपन्याही हीच घडण वापरतात.

आता एक हिशेब करून बघू. अशा गिटारच्या ब्रिजवर सहा छोट्या घोड्या असतात. प्रत्येक घोडीची उंची ठरवणारे दोन स्क्रू, म्हणजे १२. घोडी मागेपुढे सरकवणारा प्रत्येकी एक, म्हणजे आणखी ६. तीन पिकअपची उंची ठरवणारे ६. मागच्या बाजूला स्प्रिंगांचा ताण ठरवणारे २. आणि नेकच्या आत असलेल्या सळीचा १. एकूण २७ झाले. म्हणजे एकही भाग न बदलता गिटारमध्ये २७ ठिकाणी फेरफार करता येतो. कारखान्यात हे सगळे स्क्रू एका सरासरी मापावर ठेवलेले असतात. ते माप कोणा एकाच्या हातासाठी नसतं.

मराठी घरांत ही कल्पना खरं तर नवी नाही. मिरजेहून तंबोरा आणला, की त्याची जवारी लावली जाते आणि काही काळाने पुन्हा लावून घ्यावी लागते. जवारी बिघडली म्हणून कुणी भोपळा बदलत नाही. गिटारच्या सेटअपचंही तसंच आहे.

कारखान्यातून निघालेली गिटार तशीच का राहत नाही?

गिटारची नेक लाकडाची असते आणि तिच्यावर सतत ताण असतो. ९ ते ४२ मापाच्या तारांचा संच स्वरात लावला, की सहा तारा मिळून सुमारे ३८ किलोचा ताण देतात. १० ते ४६ चा संच असेल तर तो ४६ किलोच्या आसपास जातो. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले आहेत. ‘९’ म्हणजे ०.००९ इंच, म्हणजेच साधारण पाव मिलिमीटरहूनही थोडी बारीक तार.

एवढ्या ओढीने नेक पुढे वाकू नये म्हणून तिच्या आत लोखंडी सळी बसवलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. तारांची ओढ आणि सळीचा जोर यांचा तोल साधला, की नेक जवळपास सरळ राहते.

हवामानाने हा तोल ढळतो. लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. इंडोनेशियातल्या दमट हवेत बनलेली गिटार जहाजातून, गोदामातून प्रवास करत विदर्भातल्या एप्रिल महिन्यात उघडली, तर नेक थोडी हलणारच. बोर्डाचं लाकूड आकसतं, पण फ्रेटचा धातू आकसत नाही. त्यामुळे फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात आणि हात फिरवताना करवतीसारखी लागतात. मुंबईत किंवा कोकणात जून उजाडला की उलट घडतं. तिथे दमट, खारट हवेत तारा लवकर गंजतात, तो त्रास वेगळाच.

म्हणूनच एकदा केलेला सेटअप जन्माला पुरत नाही. उन्हाळा संपून पावसाळा स्थिरावला की एकदा आणि हिवाळा आला की एकदा नेक तपासून बघायची सवय आपल्याकडे तरी ठेवावी.

कोणती पहिली छाप गंभीरपणे घ्यायची?

सगळ्याच तक्रारी सेटअपने सुटत नाहीत. काही दोष असे असतात, की ते दिसताच गिटार परत करावी किंवा बदलून घ्यावी. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची परतीची मुदत थोड्या दिवसांचीच असते. ‘हळूहळू जमेल’ म्हणत ती मुदत निघून गेली, की हातात काही उरत नाही. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी पुढच्या गोष्टी बघून घ्याव्यात.

गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरून ब्रिजकडून नेकच्या टोकाकडे बघावं. हलका, एकसारखा बाक चालतो. पण नेकची एक बाजू वर आणि दुसरी खाली, म्हणजे पिळल्यासारखी दिसली, तर ती गिटार ठेवू नये. पीळ सळीने निघत नाही.

प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघावी. वेळ लागतो, पण फायदा मोठा. एकाच जागी सूर मेल्यासारखा बसत असेल, तर तो एखादा फ्रेट उंच राहिल्याची खूण असू शकते. असे फ्रेट तीन-चार निघाले, तर दुकानदाराशी बोलावं.

अँपला जोडून स्विचच्या पाचही जागा तपासाव्यात. एखाद्या जागी आवाजच येत नसेल, तर पिकअप किंवा जोडणी सदोष आहे. बटण फिरवताना थोडी करकर आली तर ती धुळीचीही असू शकते. आवाज पूर्ण तुटत असेल तर मात्र तो दोष आहे.

यातलं काही आढळलं तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये. आधी फोटो, व्हिडिओ काढून तक्रार नोंदवावी. गिटार उघडली, की वॉरंटीचा प्रश्न अडकू शकतो.

चार नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची खरी कारणं

पहिली तक्रार खरखरीची. तार फ्रेटला घासते आणि झणझण आवाज येतो. ही खरखर कुठे येते, त्यावरून कारण कळतं. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच येत असेल, तर नेक गरजेपेक्षा जास्त सरळ किंवा मागे वाकलेली असण्याची शक्यता मोठी. सगळीकडे येत असेल, तर तारा फार खाली आहेत. एकाच फ्रेटवर येत असेल, तर फ्रेटचं काम आहे. आणि नुसत्या कानाला ऐकू येणारी खरखर अँपमधून येतच नसेल, तर तिची फार काळजी करायचं कारण नाही.

मोजमापही अवघड नाही. पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर जाड तार एकाच वेळी दाबायची. मधल्या, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण पाव मिलिमीटर फट असावी. तारांची उंची सतराव्या फ्रेटपाशी सुमारे १.६ मिलिमीटर ठेवतात. हे सुरुवातीचं माप. जोरात वाजवणाऱ्याला थोडं जास्त लागतं, हलक्या हाताच्या माणसाला कमी चालतं. ट्रस रॉड फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सूर लावून बघायचं. अडकला तर जोर करायचा नाही.

दुसरी तक्रार बोटं दुखण्याची. यात एक भाग सवयीचा आहेच, पण दुसरा भाग नटचा आहे. नट म्हणजे नेकच्या टोकाला असलेली खाचा पाडलेली पांढरी पट्टी. स्वस्त गिटारमध्ये या खाचा बरेचदा हव्या तितक्या खोल नसतात. त्यामुळे पहिल्या दोन फ्रेटवर तार दाबायला विनाकारण ताकद लागते आणि ती दाबताना सूरही चढतो. तपासायचं असं. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट आहे ते बघायचं. कागद जेमतेम सरकेल इतकी फट पुरे. स्पष्ट मोकळी जागा दिसत असेल, तर खाच खोल करून घ्यायला हवी. एफ कॉर्ड कितीतरी जणांना महिनोन् महिने जमत नाही. त्यातल्या काहींचा शत्रू ही मिलिमीटरच्या अंशाएवढी फट असते. हे काम मात्र जाणकाराकडूनच करावं. जास्त कोरलेली खाच पुन्हा भरून काढणं कटकटीचं असतं.

तिसरी तक्रार, सूर टिकत नाही. इथे सगळा दोष बिचाऱ्या ट्यूनरवर जातो. पण ट्यूनरच्या आत स्क्रूसारखं दातेरी चाक असतं. साधारण १४ वेळा चावी फिरवली की खुंटी एकदा फिरते. उलट बाजूने तारेने कितीही ओढलं, तरी हे चाक सहसा मागे फिरत नाही. मग सूर उतरतो कसा?

बहुतेक वेळा नव्या तारा ताणल्या जात असतात. तार चढवल्यावर ती हाताने हलकेच ओढून पुन्हा सूर लावायचा, असं चार-पाच वेळा केलं की बराच फरक पडतो. दुसरं कारण नटच्या खाचेत तार अडकणं. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज आला, की तार खाचेत अडकून मग एकदम सुटली असं समजावं. खाचेत साध्या पेन्सिलीचं शिसं घासलं, तरी तार सरकायला लागते. कारण ग्रॅफाइट वंगणाचं काम करतं. तिसरं कारण ब्रिजचा दांडा. दांडा दाबून सूर हेलकावण्याची सोय स्ट्रॅटमध्ये असते. मागच्या स्प्रिंगांचा ताण आणि तारांचा ताण यांचा त्यात तोल असतो. दांडा वापरायचाच नसेल, तर मागचे दोन स्क्रू आवळून ब्रिज बॉडीला टेकवून ठेवता येतो. नवशिक्याचे निम्मे हाल तिथेच संपतात.

याच्या जोडीला एक तपासणी हवीच. मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार बरोबर एका सप्तकाच्या अंतराने वाजायला हवी. स्ट्रॅटच्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली जाते आणि बारावा फ्रेट तिच्या मधोमध, नटपासून ३२४ मिलिमीटरवर असतो. पण तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. ही चूक भरून काढायला ब्रिजवरच्या घोड्या मागेपुढे करतात. बाराव्या फ्रेटचा सूर चढा असेल तर घोडी मागे, उतरा असेल तर पुढे. मोबाइलवरच्या फुकट ट्यूनरने अर्ध्या तासात हे काम होतं.

चौथी तक्रार ‘घूं’ आवाजाची. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती हजारो वेढे घातलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वर धातूची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. पण तेच वेढे घरातल्या वायरिंगचा, ट्यूबलाइटचा, चार्जरचा गोंधळही पकडतात. भारतात घरची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो गुणगुणाट त्या पट्टीत ऐकू येतो. म्हणजे एकेरी वेढ्यांचा पिकअप थोडा गुणगुणणारच. हा दोष नाही, स्वभाव आहे.

यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दुहेरी वेढ्यांचा पिकअप तयार केला. दोन वेढे आणि त्यांचे चुंबकीय ध्रुव एकमेकांच्या उलट दिशेने ठेवले, की तारेचा आवाज बेरजेत येतो आणि गुणगुणाट वजा होतो. त्याचं नावच हंबकर. आजच्या अनेक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट वेढ्यांचा असतो. त्यामुळे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुणाट दबतो. तिथे आवाज शांत झाला, तर गिटारची जोडणी ठीक आहे असं बहुतेक वेळा मानता येतं.

तारांना हात लावल्यावर गुणगुणाट कमी होणं हेही नेहमीचंच. मात्र तारांना हात लावल्यावर झिणझिण्या किंवा झटका बसला, तर तिथेच थांबावं. तो आवाजाचा प्रश्न उरत नाही, घरातल्या अर्थिंगचा किंवा अँपचा होतो आणि जिवावर बेतू शकतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं, दोन पिनांच्या सॉकेटात जुगाड करणं हे प्रकार अँपच्या बाबतीत अजिबात करू नयेत. अँप उघडूनही बघू नये. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते.

फिकट बोर्ड म्हणजे हलकं लाकूड?

खोका उघडल्यावर आणखी एका गोष्टीने अनेकांचा विरस होतो. फ्रेटबोर्ड काळाभोर नसून फिकट, कोरडा तपकिरी दिसतो. ‘रोझवूड नाही, म्हणजे पैसे वाचवलेत’ असा निष्कर्ष लगेच निघतो.

यामागची गोष्ट थेट सह्याद्रीपर्यंत पोचते. रोझवूड म्हणजे आपल्याकडच्या शिसवीच्या कुळातलं लाकूड. बेसुमार तोडीमुळे २ जानेवारी २०१७ पासून या कुळातल्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराखाली निर्बंध आले. वाद्य कंपन्यांना प्रत्येक खेपेला परवान्याची कागदपत्रं लागू लागली. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली. पण तोवर अनेक कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या होत्या. त्यातलंच एक ‘इंडियन लॉरेल’. स्क्वायरच्या अनेक गिटारवर आज हेच लाकूड दिसतं. हे झाड दुसरं तिसरं कुठलं नसून आपला ऐन आहे. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा, सह्याद्रीच्या पानगळीच्या जंगलात जागोजागी दिसणारा, घरांच्या बांधकामात वर्षानुवर्षं वापरला गेलेला ऐन.

लाकूड टणक आहे. कोरडं दिसत असेल, तर फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या तेलाचे दोन-चार थेंब कापडावर घेऊन पुसलं की रंग खुलतो. फिकट रंगाच्या, पॉलिश केलेल्या मेपलच्या बोर्डाला मात्र तेल लावायचं नसतं.

मग अपग्रेड कोणत्या क्रमाने करायचे?

सोपा नियम असा, की आधी फुकटचं, मग स्वस्तातलं आणि शेवटी महागडं.

फुकटात पहिली येते पिकअपची उंची. जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबली, की तार आणि पिकअप यांच्यात साधारण दोन ते अडीच मिलिमीटर अंतर असावं. बारीक तारेकडे ते थोडं कमी चालतं. पिकअप फार जवळ आला तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर डळमळल्यासारखा ऐकू येतो. फार लांब गेला तर आवाज मलूल होतो. दोन स्क्रू फिरवून मिळणारा हा बदल कधीकधी नव्या पिकअपइतका जाणवतो.

मग नव्या तारा. दुकानात किंवा गोदामात महिनोन् महिने पडलेल्या तारा बोथट वाजतात. काहीशे रुपयांचा नवा संच गिटारला नवी जान देतो. मापही आपल्या हाताप्रमाणे निवडता येतं. माप बदललं तर ताण बदलतो, म्हणून नेक पुन्हा तपासावी लागते.

त्यानंतर जाणकाराकडून एक पूर्ण सेटअप. खाचा, फ्रेटची टोकं, नेक आणि ब्रिज यांचं काम एकत्र होतं. शक्य असेल तर तिथे बसून काम बघावं. पुढच्या वेळी निम्मं काम घरीच जमतं.

चौथ्या पायरीवर नट. साच्यातल्या पोकळ प्लास्टिकऐवजी हाडाचा किंवा ग्रॅफाइटयुक्त नट बसवला, तर सूर टिकायला मदत होते. खर्च थोडा, उपयोग रोजचा.

गुणगुणाट खूपच सतावत असेल तर पाचवी पायरी म्हणजे आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून घेणं. बाहेरचा विजेचा गोंधळ त्याने काही प्रमाणात अडतो. एकेरी वेढ्यांचा मूळ गुणगुणाट पूर्ण जात नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

ट्यूनर त्यानंतर. लॉकिंग ट्यूनरमध्ये तार कमी वेढ्यांत पकडली जाते. त्यामुळे तारा झटपट बदलता येतात आणि खुंटीवर तार घसरत नाही. अडकणाऱ्या नटवर मात्र त्यांचा काही इलाज चालत नाही.

आणि सगळ्यात शेवटी पिकअप. चांगल्या पिकअपच्या संचाची किंमत काही वेळा गिटारच्या निम्म्या किमतीपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. शिवाय सराव छोट्या अँपवर होत असेल, तर आवाज शेवटी त्या अँपच्या छोट्या स्पीकरमधूनच येणार. म्हणून पिकअप घेण्याआधी एक परीक्षा करावी. आपलीच गिटार मित्राच्या किंवा दुकानातल्या मोठ्या, चांगल्या अँपला जोडून वाजवावी. आवडली, तर अडचण गिटारमध्ये नव्हती.

भाग मागवण्याआधी मोजपट्टी घ्यावी. स्ट्रॅट दिसायला सारख्या असल्या तरी ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर ५२ ते ५६ मिलिमीटर असं वेगवेगळं असतं. ट्यूनरच्या भोकाचा व्यासही एकसारखा नसतो. आणि काढलेले जुने भाग जपून ठेवावेत. गिटार विकताना अपग्रेडचे पैसे क्वचितच वसूल होतात. त्या वेळी मूळ भाग परत बसवून नवे भाग वेगळे विकता येतात.

दिग्गजांनी गिटार बदलल्या, त्या कशासाठी?

अपग्रेडच्या बाजूने नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे मोठे वादक. ते खरंच आहे. पण त्यांचे बदल जवळून बघितले, तर प्रत्येक बदलामागे एक अडचण दिसते.

एडी व्हॅन हेलन यांना स्ट्रॅटचा दांडा हवा होता आणि गिब्सनच्या हंबकरचा भरदार आवाजही. दोन्ही एकत्र देणारी मनासारखी गिटार दुकानात मिळेना. मग त्यांनी स्वस्तातली बॉडी आणि नेक घेऊन त्यात गिब्सनचा पिकअप बसवला आणि ‘फ्रँकेनस्ट्रॅट’ जन्माला आली. क्वीन बँडच्या ब्रायन मे यांच्याकडे किशोरवयात महागडी गिटार घ्यायला पैसे नव्हते. म्हणून १९६३ पासून त्यांनी इंजिनिअर असलेल्या वडिलांबरोबर घरीच गिटार घडवली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड नेकला, तर मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा ब्रिजला. ‘रेड स्पेशल’ नावाची ती गिटार पुढे त्यांनी आयुष्यभर वाजवली.

पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोर यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक काळी स्ट्रॅट विकत घेतली. पुढच्या काळात तिची नेक बदलली, पिकअप बदलले, ब्रिज बदलला, एक जादाचा स्विचही बसला. जून २०१९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. पण ते बदल एका आठवड्यात झालेले नव्हते. गिटार वाजत राहिली आणि वाजवताना काय कमी पडतंय ते जसं कळत गेलं, तसे बदल होत गेले.

थोडक्यात

नवी गिटार घेतली, की पहिल्या संध्याकाळी दोष तपासायचे. परत करण्यासारखं काही असेल तर मुदतीत परत करायची. नसेल तर तारा बदलून सेटअप करून घ्यायचा आणि मग निदान तीन महिने नुसती वाजवायची. या काळात एक छोटी वही जवळ ठेवावी. ‘आवाज भारी नाही’ असं मोघम लिहून उपयोग नाही. ‘तिसरी तार वाकवली की उतरते’, ‘ब्रिजजवळचा पिकअप टोचरा वाजतो’, ‘पाचव्या फ्रेटच्या कडेला बोट घासतं’ असं नेमकं लिहावं.

तीन महिन्यांनी वही उघडली, की त्यातल्या बऱ्याच ओळी आपोआप खोडल्या गेलेल्या असतात. काही सेटअपने, काही हाताला सवय झाल्याने. ज्या दोन-तीन ओळी तरीही उरतात, तीच खरी अपग्रेडची यादी. पैसे तिथे खर्च करावेत. आणि एकही ओळ उरली नाही, तर त्या पैशांत एखादा चांगला शिक्षक महिना-दोन महिने लावता येतो. गिटारच्या आवाजात त्याने पडणारा फरक कुठल्याही पिकअपपेक्षा मोठा असतो.